खरेदीखत आपले, वहिवाट कंपनीची

शिंप्याने शिलाईयंत्र विकत घेतले म्हणजे त्या यंत्रावरचा त्याचा हक्क पूर्ण होतो. यंत्र बनविणाऱ्या कारखान्याचा माणूस रात्री दुकानात शिरून त्याच्या सुटे भाग ठेवण्याच्या खणांची मांडणी बदलीत नाही, दिवसभरात किती कपडे शिवले याची नोंद घेऊन जात नाही, की यंत्राच्या फळीवर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात चिकटवीत नाही. असे कोणी केलेच, तर शिंपी त्याचे बखोट धरून त्याला पोलीसचौकीत नेईल आणि सारा बाजार शिंप्याच्या बाजूने उभा राहील. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमक्या याच तीन गोष्टी २०१५ पासून उघडपणे चालल्या आहेत. एवढेच नव्हे, तर तक्रार करणाऱ्यालाच आपण अडाणी आहोत असे वाटावे, अशी व्यवस्था झाली आहे.

हा विषय या पानावर कशाला, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर असताना मध्यमवर्गीयांच्या मेजावरील यंत्राची कुरकुर कोणी ऐकावी? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. मेजावरचा संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पतसंस्थेच्या कारकुनाचे, तालुक्याच्या वकिलाचे, छापखान्यातील अक्षरजुळणी करणाऱ्याचे आणि कामगार संघटनेच्या कार्यालयाचे ते श्रमाचे साधन आहे. सभासदांची यादी त्यात असते, कामगार न्यायालयातील अर्ज त्यात असतात, संपाच्या पत्रकाचा कच्चा खर्डाही त्यातच असतो. श्रमाच्या साधनावर हुकमत कोणाची, हा समाजवादी अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न आहे. साधन बदलले म्हणून प्रश्न जुना होत नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. संगणक सुरू होताच त्याचा सारा कारभार हाती घेणारी जी मूळ प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती जगातील बहुसंख्य मेजावरील संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही असते. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० बाजारात आली. यंत्राच्या वापराविषयीची माहिती आपोआप कंपनीकडे पाठविण्याची यंत्रणा तिच्यात अंगभूत होती. घरगुती आणि साध्या व्यावसायिक आवृत्तीत ही माहिती कमी करता येते, पण पूर्ण बंद करण्याची कळ ग्राहकाला दिलेली नाही. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहितीरक्षण आयोगाने कंपनीला नोटीस दिली आणि गरजेपेक्षा अधिक माहिती गोळा केली जात असल्याचा ठपका ठेवला. २०१७ मध्ये आयोगाने प्रकरण मिटविले, तेव्हा किमान पातळीवरील माहितीचे प्रमाण कंपनीने जवळजवळ निम्म्याने घटविले होते. या एका गोष्टीचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. सरकारी संस्थेने डोळे वटारताच निम्मी माहिती वगळता येते, याचा अर्थ ती निम्मी माहिती यंत्र चालण्यासाठी मुळी आवश्यकच नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या माहितीरक्षण प्राधिकरणानेही याच प्रणालीमुळे त्या देशाच्या कायद्याचा भंग होतो असा निष्कर्ष काढला. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले जात नाही, म्हणून त्याची संमती ही संमतीच नव्हे, असे त्या प्राधिकरणाचे म्हणणे होते.

संमतीची ही थट्टा २०१६ च्या मे महिन्यात टोकाला गेली. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जावे म्हणून पडद्यावर सूचनेची चौकट येत असे. कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली की चौकट बंद होते आणि प्रस्ताव नाकारला जातो, हे संगणकाचे प्राथमिक शिक्षण कंपनीनेच जगाला दिले होते. त्या महिन्यात फुलीचा अर्थ बदलला. फुली मारून चौकट बंद केली, तरी ठरलेल्या वेळी नवी आवृत्ती बसविण्याचा बेत कायम राहू लागला. आपण मर्यादा ओलांडली, असे कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या वर्षाच्या अखेरीस जाहीरपणे कबूल केले. कबुली चांगलीच आहे. पण तोवर असंख्य यंत्रे हलविली गेली होती.

पुढचा इतिहास याच वळणाचा आहे. विकत घेतलेल्या प्रणालीत न मागितलेले खेळ आधीच भरलेले आले. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या मुख्य यादीत ‘शिफारस’ या गोंडस नावाखाली जाहिराती आल्या. घरगुती आवृत्ती प्रथम सुरू करताना कंपनीचे खाते उघडण्याची सक्ती झाली आणि ती टाळण्याच्या ज्या वाटा जाणकारांना माहीत होत्या, त्या २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांतून एकेक करून बुजविण्यात आल्या. २० मे २०२४ रोजी कंपनीने ‘रिकॉल’ नावाची सोय घोषित केली. तिचे काम असे, की दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि आपण काय पाहिले, काय लिहिले याची शोधयोग्य नोंद ठेवावी. ही नोंद यंत्रातच राहते, बाहेर जात नाही, असे आश्वासन होते. परंतु ती ज्या स्वरूपात साठविली होती, ते कोणाही घुसखोराला सहज वाचता येण्याजोगे आहे, हे सुरक्षातज्ज्ञांनी काही दिवसांतच दाखवून दिले. गदारोळ झाला, जूनमध्ये सोय मागे घेतली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती संमतीची अट व अधिक कडेकोट कुलूप घालून पुन्हा आणली गेली. लोकांनी आरडाओरडा केला नसता तर ती मूळ रूपातच, आणि मुळातच चालू स्थितीत, आपल्या मेजावर आली असती.

हे सारे का घडते? कंपनीचे अधिकारी दुष्ट आहेत, हे उत्तर नव्हे. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला वेगळे कारण दिसते. प्रणालीची पहिली प्रत तयार करण्यास प्रचंड खर्च येतो, पण पुढच्या प्रत्येक प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. किंमत येते ती स्वामित्वहक्काच्या कुंपणामुळे. बाजार वाढत होता तोवर नव्या गिऱ्हाइकाला नवी प्रत विकून नफा वाढत राहिला. परंतु प्रत्येक कचेरीत संगणक पोचल्यावर नवे गिऱ्हाईक आणायचे कोठून? भांडवलाला थांबणे माहीत नाही. विक्रीतून नफा वाढत नसेल, तर एकदा विकलेल्या वस्तूवर पुन्हा पुन्हा वसुली करण्याचा मार्ग शोधावा लागतो. ही वसुली तीन रूपांनी होते: मासिक-वार्षिक वर्गणी, जाहिरातींसाठी आपले लक्ष, आणि आपल्या वागणुकीची माहिती. या तिन्हींसाठी ग्राहकाच्या घरात कायमची ये-जा हवी. न मागितलेली प्रत्येक सोय ही त्या ये-जेसाठी ठोठावलेली मेख आहे.

आपल्या भाषेत अशा वसुलीला नाव आहे. श्रमाचे मोल म्हणून नव्हे, तर केवळ मालकीच्या जोरावर जे दरवर्षी घेतले जाते, त्याला आपण खंड म्हणतो. विंडोजचा परवाना-करार वाचावा. प्रणाली विकलेली नसून वापरण्याचा केवळ परवाना दिला आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. दुकानात आपण खरेदीदार असतो; घरी येऊन ‘मान्य आहे’ या कळीवर बोट ठेवताच कूळ होतो. आणि कूळ तरी कसले? मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. या नव्या कुळाला कोणताही कूळकायदा नाही. खंड किती, तो कोणत्या रूपाने द्यायचा आणि जमिनीवर उद्या काय पेरायचे, हे सारे दूरचा खोत एकतर्फी ठरवितो.

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले सुरक्षेचे. दुरुस्त्या सक्तीने बसविल्या नाहीत तर यंत्रे असुरक्षित राहतात, असे सांगतात. यात तथ्य आहे आणि ते नाकारणे बेजबाबदारपणाचे होईल. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरची यंत्रे बंद पाडली, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांतील कामकाज ठप्प केले. त्यावरची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ती न बसविणारे बळी पडले. पण म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर होतो. औषध अत्यावश्यक आहे हे ठाऊक असताना त्याच पुडीत दुसऱ्याचा माल बांधून देणे, ही अडवणूक आहे. सुरक्षेच्या दुरुस्तीबरोबर जाहिरात, नवा सहायक आणि बदललेली मांडणी गळ्यात मारली जाते, म्हणूनच सामान्य माणूस कंटाळून दुरुस्त्याच टाळू लागतो. सुरक्षेचे खरे नुकसान या मिश्रणाने केले आहे. कोणती माहिती पाठविली जाते ती पाहण्याची सोय कंपनीने २०१८ मध्ये दिली, हेही खरे आहे. परंतु चोरीला जाणाऱ्या मालाची यादी वाचण्याचा अधिकार म्हणजे चोरी थांबविण्याचा अधिकार नव्हे.

दुसरे उत्तर बाजाराचे: पटत नसेल तर दुसरी प्रणाली घ्या. पण बँकेचा कार्यक्रम, करभरण्याचे साधन, कचेरीतील छपाईयंत्र आणि श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत जुळविलेली मराठी पुस्तके एकाच प्रणालीला बांधलेली असतील, तर निवड ही कागदावरची असते. शिवाय दुसऱ्या दुकानातही निराळा न्याय नाही. १२ नोव्हेंबर २०२० रोजी ॲपल कंपनीचा एक सर्व्हर मंदावला आणि जगभरच्या मॅक संगणकांवर साधे कार्यक्रम उघडेनासे झाले. कार्यक्रम उघडताना यंत्र कंपनीकडे चौकशी करते, हे अनेकांना त्या दिवशी प्रथमच कळले. मुक्त प्रणालींचे गोडवे गाणाऱ्यांनीही २०१२ सालचे उबुंटूचे उदाहरण विसरू नये. त्या आवृत्तीत आपल्याच यंत्रात शोधलेला शब्द खरेदीच्या सूचनांसाठी ॲमेझॉनकडे जाऊ लागला होता. फरक एवढाच, आणि तो मोलाचा, की तेथे प्रणालीची संहिता सर्वांसमोर उघडी होती. लोकांनी ती सोय काढून टाकण्याचे मार्ग त्वरित प्रसिद्ध केले, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी तिला हेरगिरी म्हटले, आणि २०१६ च्या आवृत्तीत ती मुळातूनच बंद करावी लागली. मालक सज्जन असावा यापेक्षा हत्यार तपासण्याचा अधिकार आपल्याकडे असावा, हा यातला धडा आहे.

आता जे ताजे घडले ते पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा विनामूल्य आधार संपला. विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे व्यवस्थित चालणारी कोट्यवधी यंत्रे एका तारखेला ‘जुनी’ ठरली. सुमारे २४ कोटी संगणक यामुळे भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तविला होता. ते भंगार कोठे जाते? दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या हातांनी तारा जाळणाऱ्या, तेजाबात पट्ट्या बुडविणाऱ्या माणसांकडे. ज्यांना जुने यंत्र टाकणे परवडत नाही, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या. त्याचे मोल ३० डॉलर. नाहीतर कंपनीच्या खात्यात आपल्या यंत्राची मांडणी साठवून ठेवावी, किंवा कंपनीचे बक्षीस-गुण खर्च करावेत. पैसे द्या, नाहीतर माहितीच्या रूपाने द्या! खंडाचे रोख आणि धान्य असे दोन प्रकार असत, ते आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना हेच एक वर्ष शुल्काविना आणि मांडणी साठविण्याच्या अटीविना मिळाले. तेथील ग्राहकसंघटना हटून बसल्या आणि तेथे बाजारावर वचक ठेवणारा कायदा आहे, म्हणून. त्याच कायद्यामुळे तेथील माणूस कंपनीचा ब्राउझर आपल्या यंत्रातून काढून टाकू शकतो. प्रणाली एकच, यंत्र एकच, कंपनी एकच. हक्क मात्र राहत्या देशावरून ठरतो. तांत्रिक अडचणीच्या साऱ्या सबबी येथे कोसळतात. जे पॅरिसमध्ये शक्य आहे ते परभणीत अशक्य असण्याचे कारण यंत्रात नसून आपल्या दुबळ्या लोकशक्तीत आहे.

भारतीय समाजवाद्यांना हा झगडा नवा नाही. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास आयबीएमने नकार दिला, जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस आपल्या भूमिकेवरून हलले नाहीत, आणि १९७८ साली त्या कंपनीने येथून गाशा गुंडाळला. तिची यंत्रे सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीच्या अभियंत्यांनी चालू ठेवली. त्या धोरणाच्या सर्व बाजूंवर वाद होऊ शकतो. पण परक्या कंपनीवाचून यंत्रे चालू ठेवता येतात, एवढे त्यातून निश्चित सिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये सीएमसीच खासगी हातांत दिली गेली. आणि जुलै २०२५ मध्ये काय झाले? युरोपीय निर्बंधांचे कारण पुढे करून मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अकस्मात थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. नायरात रशियन तेलकंपनीचा मोठा हिस्सा आहे, तिच्याविषयी ममत्व वाटण्याचे कारण नाही. पण परदेशात घेतलेल्या निर्णयाने भारतातील उद्योगाचा पत्रव्यवहार बंद पडू शकतो, तर जिल्हा परिषदेचा किंवा कामगार संघटनेचा का पडणार नाही?

म्हणून ‘परदेशी हटवा, स्वदेशी बसवा’ एवढ्यावर समाधान मानणेही धोक्याचे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती मुक्त, विनाअट आणि नेमक्या हेतूपुरती असावी असे तो म्हणतो. हे कलम संगणकप्रणालींना कसोशीने लावले तर बरेच साधेल. पण त्याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या पसंतीच्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार ठेवला आहे. कंपनीच्या डोळ्याऐवजी सरकारचा डोळा, ही सुटका नव्हे.

मागण्या सरळ आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या इतर सोयींपासून अलग मिळाल्या पाहिजेत, आणि त्या किती वर्षे मिळतील हे विक्रीच्या वेळीच लिहून दिले पाहिजे. माहिती पाठविणे मुळात बंद असले पाहिजे, आणि ‘आता नको’ याच्या जागी ‘नाही’ हा शब्द आला पाहिजे. युरोपात दिलेला प्रत्येक हक्क भारतीय ग्राहकाला मिळाला पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने मोबाइलच्या अँड्रॉइड प्रणालीबाबत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्रणालीबरोबर आपले इतर कार्यक्रम गळ्यात बांधणे हा त्यातील मुख्य आरोप होता. मग मेजावरील संगणकाची अशीच चौकशी का होऊ नये?

मागण्यांबरोबर स्वतःचे घरही पाहिले पाहिजे. केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले. आपल्याकडे २००१ पासून लाखो तरुण एमएस-सीआयटी शिकले. नावातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण शिकवणी विंडोज आणि मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसचीच झाली. सार्वजनिक पैशाने एका कंपनीला पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक तयार करून दिले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही मुक्त प्रणाली २००७ पासून आहे, केंद्राचे मुक्त सॉफ्टवेअर धोरण २०१५ पासून आहे. सरकारी कचेऱ्यांत त्यांचा मागमूस शोधावा लागतो. म्युनिक नगरपालिकेने मुक्त प्रणालीचा प्रयोग वर्षानुवर्षे केला आणि २०१७ मध्ये माघारीचा ठराव केला, हे लपविण्याचे कारण नाही. उलट २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ३०,००० संगणक त्या वाटेने नेण्याचा निर्णय घेतला. काम चिकाटीचे आहे, आणि राजकीय पाठबळ गेले की ते कोसळते.

आपल्या प्रत्येक जिल्हा कार्यालयात, संघटनेच्या कचेरीत, वाचनालयात एखादा तरी संगणक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘कालबाह्य’ झालेला असेल. तो भंगारवाल्याला देऊ नये. तालुक्यातील एखाद्या विद्यार्थी कार्यकर्त्याला बोलावून त्याच्यावर मुक्त प्रणाली बसवून घ्यावी, सभासदांची यादी आणि पत्रके त्यावर न्यावीत, मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहिण्याची सवय लावावी. पहिले दोन महिने त्रास होईल. छपाईयंत्र रुसेल, जुन्या टंकातील मजकूर अगम्य चिन्हांत दिसेल. हा त्रास सोसला, तर आपल्या साधनावरची वहिवाट आपली आहे, असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळेल, आणि मग सरकारकडे व कंपनीकडे मागणी करताना आवाजाला धार येईल. कुळांनाही जमीन कोणी भेट दिली नव्हती. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, तेव्हा कोठे खोतीच्या विरोधातील मागणीला कायदेमंडळात वजन आले.